तिसऱ्या प्रकारचा किडा

धर्मपाल रामटेके एका जागी शांत बसलेत असं कोणी सांगितलं असतं, तर रायपूरच्या त्यांच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, माणसांनी आधी डॉक्टरला बोलावलं असतं. या माणसाचं बूड जमिनीला टेकायचंच नाही. जेवता जेवता उठून पंखा कुठे कुरकुरतो ते बघायचं, गळत नसलेल्या नळाचा वायसर बदलायचा, शेजाऱ्याच्या फाटकाची कडी उलटी बसवली आहे हे शेजारी आंघोळीला बसलेला असताना बाहेरून ओरडून सांगायचं. लग्न होऊन आठवडा झाला नाही तोच कलावतीबाईंनी सासूला घाबरत विचारलं होतं, "आई, यायले काही होते का वो?"

"काही होत नाई," सासू म्हणाली. "त्याच्या अंगात किडा हाय."

तेव्हापासून त्या घरात किडा म्हटलं की धर्मपाल. पुढे मुलगी झाली, रीना, तीही बोबडं बोलायला लागली तेव्हापासून तेच म्हणायची. घरच्यांनी हसावं, त्यांनीही हसावं आणि हसता हसता उठून दुसरं काहीतरी खोलायला घ्यावं, असा एकूण संसार.

शहराबाहेरच्या उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये मात्र या चुळबुळीचं सोनं झालं. भट्टीतून निघून थंड झालेल्या सळ्या सरळ आहेत की वाकड्या, हे बघायचं त्यांचं काम. डावा डोळा मिटायचा, सळीचं टोक उजव्या डोळ्याशी आणायचं आणि बंदुकीचा नेम धरावा तसं तिच्या लांबीवरून बघायचं. एवढंच. पण ते बघणं असं, की ज्या सळीवर दुसरे तिघे मान डोलावून गेले, तिच्यात रामटेक्यांना केसभर बाक दिसायचा. वाद झालाच तर मालक म्हणायचे, "रामटेके सीधा बोले तो सीधा." तिथं विषय संपायचा. मिलमध्ये धूळ होती, उन्हाळ्यात जीव भाजून निघायचा, बढती म्हणावी अशी कधी मिळाली नाही, पण हे एक वाक्य धर्मपालांनी छातीवर बिल्ला लावावा तसं आयुष्यभर मिरवलं.

डोळ्यांचा त्यांना भारीच गर्व. साठी उलटली तरी चष्मा नाही. वयाचा कोणी चष्मेवाला दिसला की त्याच्या हातातला पेपर ओढून घ्यायचा आणि त्यातली सगळ्यात बारीक टाइपाची जाहिरात घडाघडा वाचून दाखवायची, हा त्यांचा आवडता खेळ. दूरच्या बसवरचा बोर्ड त्यांना कधीच वाचता यायचा नाही, पण तो दोष ते रायपूरच्या धुळीवर ढकलून मोकळे व्हायचे.

निवृत्त झाले आणि घरच्यांचे हाल सुरू झाले. मिलमध्ये दिवसभर खपणारी ती चुळबूळ आता तीन खोल्यांत मावेना. त्यांनी शिवणयंत्र खोललं, ते परत लागलं नाही. कुलरची जागा बदलली, मग पुन्हा जुन्या जागी आणली. रीना पंडरीच्या बाजारात एका कापडाच्या पेढीत हिशेबाच्या कामाला होती. घरातलं मराठी तिला सगळं कळायचं, तोंडात मात्र हिंदीच यायची. एका संध्याकाळी ती रिक्षात एक मोठी काचेची टाकी मांडीवर धरून घरी आली.

"मम्मी, मछली देखते-देखते पापा एक जगह बैठेंगे तो सही," ती म्हणाली.

बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर टाकी बसली. रंगीत शेपट्यांचे गप्पी मासे, थोडी हिरवी पानं आणि दोन गोगलगायी. मासे सगळ्यांचे, पण गोगलगायींवर कलावतीबाईंचा जीव जडला. "घरात निदान दोन जीव तरी सावकाश चालतात," त्या म्हणायच्या.

आणि नवल म्हणजे धर्मपाल खरोखर बसले. स्टूल ओढून टाकीसमोर अर्धा अर्धा तास. पण बसले तरी हात कसले बसतात? येता चिमूटभर दाणे, जाता चिमूटभर दाणे. मासे तोंड वर करून आले की यांना वाटायचं, उपाशी आहेत बिचारे.

"अजी, तुमी माशायले चारून राहिले का कोंबड्यायले?" कलावतीबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या.

मग एके सकाळी काचेवर किडे दिसले.

पांढरे, केसासारखे बारीक, नखाएवढे लांब. खालच्या वाळूतून निघून पाण्यात वळवळत होते. धर्मपालांनी घर डोक्यावर घेतलं. कलावतीबाईंना हाक, रीनाला हाक, आणि कोणी यायच्या आत चपला पायात. गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत विशाल नावाच्या पोराचं माशांचं दुकान होतं, रीनानं टाकी तिथूनच आणली होती. तिथं जाऊन त्यांनी थेट मागणी केली, "किडे हो गए. दवा दो."

विशाल सावध गडी. म्हणाला, "अंकल, कौन से कीड़े? दो तरह के होते हैं. एक बाल जैसा पतला, पानी में बल खाता है. वो कुछ नहीं करता, नीचे का कचरा खाता है. दूसरा चपटा होता है, काँच पे चिपक के सरकता है, मुंडी तिकोनी. वो खराब. नन्हे बच्चों को पकड़ लेता है."

"तो दोनों की दवा दे दो."

"दवा से घोंघे भी मर जाएँगे. पहले पहचान के आओ."

हे घरी येऊन सांगितल्यावर कलावतीबाईंनी हात कमरेवर ठेवले. त्या दर रविवारी विहारात जाऊन पंचशील घेणाऱ्या बाई, आणि पंचशीलातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं. मच्छर अंगावर बसला तर फुंकर मारून उडवणाऱ्या. "ओळख पटल्याबिगर दवाई नाई," त्यांनी बजावलं. "जो काही करत नाई त्याले काहून मारायचं? अन् माह्या गोगलगायीयले हात लावला तं पाहून घेजा."

आता ओळख पटवायची म्हणजे बघायचं. आणि बघण्याच्या कामाला या घरात रामटेक्यांशिवाय कोण? धर्मपालांना मिलमधून पुन्हा बोलावणं आल्यासारखं झालं. त्यांनी बॅटरी काढली, स्टूल पुढे ओढलं, डावा डोळा मिटला आणि उजवा काचेला लावला.

पहिला प्रकार दिसला. केसासारखे, वळवळणारे. ते रीनालाही दिसले, कलावतीबाईंनाही दिसले. दुसरा प्रकार, तिकोनी मुंडीचा, कुठे सापडेना. पण दोनेक दिवसांनी त्यांना आणखी काहीतरी दिसलं. हे किडे पांढरे नव्हते. काळपट होते, आणि आरपारही दिसायचे. एखादा वेटोळं घातलेला, एखादा तुटक दोऱ्यासारखा, एखादा नुसताच ठिपका. त्यांची खोडी अशी, की त्यांच्याकडे नेमकं बघायला जावं तर ते बाजूला पळायचे. नजर डावीकडे नेली की डावीकडे, थांबली की हळूहळू खाली बसायचे.

"कलावती, हे तिसऱ्या जातीचे हायेत," ते म्हणाले.

"आता किड्यायत बी जाती आणल्या का तुमी?"

धर्मपाल वरमले. "तिसऱ्या प्रकारचे म्हण. पण हायेत. तो पाह्य, पानाजवळ."

कलावतीबाईंनी पाहिलं. पान होतं, पानाजवळ एक गप्पी होता, बाकी काही नव्हतं. रीनानं पाहिलं, मोबाईलवर फोटो काढला, बोटांनी ताणून मोठा केला. "पापा, कुछ नहीं है."

"हाय तं! तुले नाई दिसत म्हून नाई का? फोनचा कॅमेरा फालतू हाय तुया."

दुसऱ्या दिवशी ते बाटलीत पाणी भरून गोल बाजारला गेले. विशालनं बाटली उजेडात धरली, फिरवली, परत फिरवली. "अंकल, इसमें सिर्फ पतले वाले हैं."

"और ये काला वाला?" धर्मपालांनी डावा डोळा मिटून बाटलीवर बोट ठेवलं. "ये देखो, भाग रहा है."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी बाटलीत डोकावलं, मग एकमेकांकडे बघितलं. विशालनं बाटली नम्रपणे परत केली. धर्मपालांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्याच्या नजरेवर एवढाल्या इमारतींच्या सळ्या उभ्या राहिल्या, त्या माणसाला एका मासेवाल्या पोराच्या दुकानात वेड्यात काढलं जात होतं. "डॉक्टर को आँख दिखाओ अपनी," एवढं बोलून ते निघाले आणि रागाच्या भरात पायीच घरी आले.

इथून पुढे प्रश्न माशांचा उरला नाही. धर्मपालांना मनातून ते कळत होतं आणि त्याचंच भय वाटत होतं. किडे आहेत, हे सिद्ध झालं पाहिजे होतं. नसतील, तर जो डोळा आयुष्यभर खरा ठरला तो म्हातारपणी खोटा बोलायला लागला, असा त्याचा अर्थ. मग रामटेके म्हणजे उरले कोण? नळाचे वायसर बदलणारा एक रिकामा म्हातारा. हा विचार आला की त्यांना बसवेना, आणि बसवलं नाही की ते परत टाकीसमोर.

त्यांनी भिंग आणलं. टाकीचा दिवा बदलला. सगळं पाणी उपसून गंजात, म्हणजे घरातल्या मोठ्या पातेल्यात, ओतलं आणि गंजातही बघितलं. तिसरा प्रकार गंजातही होता. वाळू पाच वेळा धुतली, तरी होता. उलट वाढतच चालला होता. पूर्वी दोन-चार दिसायचे, आता एकदम काजळीची चिमूट उधळावी तसे. वर आणखी एक तऱ्हा. मध्येच टाकीच्या कडेला लख्खन वीज चमकायची. धर्मपालांना वाटलं, दिव्याची वायर कुठेतरी उघडी पडली आहे. त्यांनी वायर खोलली, टेप गुंडाळली, मग बटण बदललं. वीज चमकतच राहिली. कधीकधी तर दिवा बंद असतानाही.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. धर्मपालांनी हीच म्हण मिलमध्ये पोरांना हजारदा ऐकवली असेल.

कलावतीबाईंचा संयम एका दुपारी संपला. टाकीचं पाणी फरशीवर, फरशीवरून देवडीत, आणि त्या पाण्यात पाय घसरून त्या पडता पडता वाचल्या. उंबऱ्याला धरून उभ्या राहत त्या कडाडल्या, "किडे काचेत नाईत, तुमच्यात हायेत! पहिल्या दिवसापासून हायेत! मासे गेले चुलीत, तुमच्या पायी ह्या गोगलगायी बी पळून जातीन!"

एरवी धर्मपाल हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. भिंग हातात घेऊन तसेच उभे राहिले, मग अंगणात जाऊन उगाच सायकलची साखळी काढून बसले.

वैशाख पौर्णिमा आली. सकाळीच ऊन तापलेलं, पण विहार नुकताच चुन्यानं रंगवलेला, आणि आत सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत. बायकांची पांढरी लुगडी, पुरुषांचे पांढरे सदरे, पोरांचे शाळेचे का होईनात पांढरे शर्ट. बाहेर खिरीची पातेली चढलेली. धर्मपाल चौथ्या रांगेत बसले होते, बायकांच्या बाजूला लागून, कारण कलावतीबाई म्हणाल्या होत्या, मधातच उठून बाहेर जासाल म्हून माह्याजवळ बसा.

वंदना सुरू झाली. धर्मपालांनी हात जोडून समोर बघितलं आणि पुढच्या माणसाच्या सदऱ्यावर किडा दिसला.

काळपट, वेटोळं घातलेला. पाठीवरून खाली घसरत होता. धर्मपालांना वाटलं, घरून कपड्यांतून आला की काय? काही न सुचून त्यांनी हात पुढे केला आणि त्या माणसाची पाठ झटकली. तो दचकून मागे वळला. किडा पाठीवर नव्हता. आता तो शेजारच्या पाठीवर होता, मग त्याच्या पुढच्या, मग पांढऱ्या भिंतीवर. भिंतभर होते. नजर फिरेल तिकडे पोहत होते, कोरड्या भिंतीवर, पाण्याशिवाय.

सवयीनं त्यांनी डावा डोळा मिटला. किडे तसेच, आणखी ठळक. आणि नाकाच्या बाजूनं, खालून, काहीतरी काळं वर चढलेलं. अर्धवट ओढलेल्या पडद्यासारखं.

मग त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते करायचं ठरवलं. उजवा डोळा मिटायचा. पण चेहऱ्याला ती सवयच नव्हती. डावा मिटला की उजवा उघडा राहायचा, उजवा मिटायला गेलं की दोन्ही मिटायचे. मिलमध्ये दिवसाला शेकडो सळ्या बघितल्या, पण प्रत्येक सळी उजव्याच डोळ्यानं. डाव्याला कधी कोणी काही विचारलंच नव्हतं. शेवटी त्यांनी तळहातानं उजवा डोळा झाकला.

भिंत स्वच्छ होती. नवा चुना, एकही डाग नाही.

हात काढला, किडे आले. हात ठेवला, गेले. सगळीकडून "साधु, साधु, साधु" असा गजर झाला आणि त्या आवाजात ते कलावतीबाईंकडे कलून म्हणाले, "किडे माह्यातच हायेत."

कलावतीबाईंच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. एवढ्या वर्षांनी, तेही विहारात, नवऱ्यानं कबुली दिली होती. "कळलं का आता?" त्या हळूच म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या.

माणसं खिरीच्या रांगेकडे निघाली. कलावतीबाई चार पावलं गेल्या आणि त्यांनी मागे बघितलं. खिरीच्या रांगेत दरवर्षी पहिला नंबर धर्मपालांचा. वाढणाऱ्याला डाव कसा धरायचा हे शिकवायला त्यांना तिथं असणं भाग होतं. ते चौथ्या रांगेत बसलेले होते. मांडी घालून. हात गुडघ्यांवर. बोटही हलत नव्हतं.

तेव्हा त्या बाईचं काळीज हललं. जो माणूस लग्नाच्या वेदीवर, म्हणजे त्यांच्यात वेदी नसते, लग्नाच्या मंचावर, मंगलगाथा चालू असताना माईकची वायर नीट करायला उठला होता, तो हलत नव्हता.

"अजी, काय झालं?"

"तुयं अर्धं तोंड दिसत नाई मले," धर्मपाल म्हणाले. त्यांनी डावा डोळा मिटलेला होता. "या डोळ्यानं नाई दिसत."

रिक्षात कलावतीबाई एकदाच म्हणाल्या, "मी हासली." धर्मपालांनी त्यांचा हात धरला. पाऱ्यातून भर दिवसा असं हात धरून ते कधी गेले नव्हते.

डोळ्यांच्या दवाखान्यात रीना पंडरीहून धावत आली. डॉक्टर अपर्णा म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी केली, कपाळाला दिवा बांधून बराच वेळ वर बघा, खाली बघा, असं चालवलं. मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्याला भोक पडून तो सुटत चाललाय. ते काळे किडे आणि वीज चमकणं, ही त्याचीच सूचना होती. किती दिवस दिसतंय हे?"

रीनाच बोलली, आणि बोलता बोलता तिला रडू आलं. "पापा बोल रहे थे मैडम. रोज बोल रहे थे. हम लोग मछली की टंकी में ढूँढ रहे थे."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी डोळ्याचा नंबर तपासला होता, तो कागदावर बघून त्या म्हणाल्या, "चष्मा नाही वापरत?"

"गरजच नाई पडली," धर्मपाल म्हणाले. त्या अवस्थेतही मान जराशी ताठ झाली. "पेपर तसाच वाचतो."

"जवळचं चष्म्याशिवाय वाचता येतं, कारण तुमच्या डोळ्यांना लांबचा चांगला मोठा नंबर आहे. तो तरुणपणापासून असणार. अशा डोळ्यांना हा धोका जास्त. दरवर्षी तपासणी करायला हवी होती."

धर्मपाल ऐकत राहिले. एवढी वर्षं लोकांच्या हातातून ओढून घेतलेले सगळे पेपर त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले असतील. ज्याचा बिल्ला लावून फिरले, तो बिल्ला नव्हताच, आजाराचं पत्र होतं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरबाई कलावतीबाईंना म्हणाल्या, पडदा बसलाय, डोळा गेला नाही. पण यायला उशीर झाला, मधला महत्त्वाचा भागही सुटला होता, तेव्हा नजर पूर्वीसारखी येणार नाही. सरळ रेषा वाकड्या दिसतील. काहींना ते कमी होतं, काहींना कायम राहतं. हे बोलणं चाललं तेव्हा धर्मपाल शेजारीच पलंगावर पालथे होते. त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

पालथे, कारण खरी शिक्षा पुढेच होती. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता. बुडबुडा वर चढतो, म्हणून तोंड खाली ठेवायचं, म्हणजे तो मागच्या पडद्याला दाबून धरतो. झोपताना, बसताना, जेवताना मान खाली. डॉक्टर सांगतील तोपर्यंत. जगात एवढी माणसं आहेत, त्यात हे नेमकं धर्मपाल रामटेक्यांच्या वाट्याला यावं!

पहिल्या दिवशी त्यांनी फरशीच्या फटी बघून गवंड्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पलंगाच्या पायाचा नट ढिला आहे हे शोधून काढलं. कलावतीबाईंनी पाना लपवून ठेवला. उशा रचून, गोधडीची गुंडाळी करून त्या त्यांचं कपाळ टेकवायच्या, आणि मान वर यायला लागली की नुसतं "अं" म्हणायच्या. मान परत खाली जायची. हसण्याच्या त्या एका क्षणाची भरपाई कलावतीबाई अशी करत होत्या, आणि धर्मपालांना ते कळत असल्यामुळे ते, त्यांच्या मानानं, फारच शहाण्यासारखे वागत होते.

"टाकीचं काय चाल्लं?" त्यांनी फरशीकडे बघत विचारलं.

"काय चालन?"

"ओळख पटली नाई ना अजून. दुसरा प्रकार राहिलाच पाहायचा. तिकोनी मुंडीवाला."

कलावतीबाईंनी स्टूल ओढलं आणि टाकीसमोर बसल्या.

"एक डोळा मीट," पालथ्या धर्मपालांनी शिकवलं. "डावा."

"काहून? आईनं दोन देले ना मले."

त्या दोन्ही डोळ्यांनी बघत बसल्या. गोगलगायींकडे बघायची सवय होती, तेव्हा सावकाश बघणं त्यांना जमायचं. रोज स्वयंपाक आटोपला की बसायच्या आणि बघून झालं की पलंगाकडे तोंड करून सांगायच्या. काचेला चिकटून सरकत नाहीत, पाण्यातच वळवळतात. चपटे नाहीत, गोल आहेत, सुतासारखे. मुंडी तिकोनी नाही. खरं तर मुंडी कोणती अन् शेपूट कोणतं, तेच कळत नाही. दाणे जास्त पडले की वाळूतून वर येतात, कमी पडले की दिसत नाहीत.

"नक्की?" फरशीकडून प्रश्न यायचा.

"नक्की."

"नीट पाह्यलं?"

"पाह्यलं."

रीनानं विशालला जाऊन हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग साधेच आहेत, काही करत नाहीत, दाणे कमी टाका, आपोआप कमी होतील. दाणे तर बंदच झाले होते जवळजवळ, टाकणारा हात पलंगावर होता. थोड्याच दिवसांत काच मोकळी दिसायला लागली. कलावतीबाईंनी ते पलंगाकडे तोंड करून सांगितलं.

"म्हंजे ते बी माह्याचमुळं झाले व्हते," धर्मपाल म्हणाले.

कलावतीबाईंना हसू आलं होतं. त्यांनी ते गिळलं. मग पलंग हलताना दिसला. पालथे धर्मपालच हसत होते. तेव्हा त्याही हसल्या.

मान वर करायची परवानगी मिळाली त्या दिवशी रीनानं रजा घेतली होती. डोळ्यातला बुडबुडा विरून गेला होता. दवाखान्यातून आल्यावर धर्मपाल समोरच्या खोलीत खुर्चीवर बसले. खोलीच्या दाराला पडदा होता, आणि पडदा ज्या सळीवर टांगलेला ती सळी त्यांनी स्वतः मिलमधून आणलेली. घर बांधलं त्या वर्षी शंभर सळ्यांतून निवडलेली. पाहुण्यांना ते दाखवायचे, घरात यापेक्षा सरळ वस्तू नाही म्हणून.

त्यांनी सळीकडे बघितलं. दोन्ही डोळ्यांनी काही नीट कळेना. मग डावा डोळा आपोआप मिटला गेला.

कलावतीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ते बघितलं. डॉक्टरबाईंचं बोलणं त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. क्षणभर वाटलं, पडदाच काढून घ्यावा, सळी लपवून ठेवावी, त्या पान्यासारखी.

धर्मपाल बराच वेळ बघत राहिले. सळी मधोमध लाटेसारखी उठली होती. टोकाशी परत खाली आली होती. मिलमध्ये अशी सळी त्यांनी बघताक्षणी बाजूला काढली असती. त्यांनी मान डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली. लाट हलेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही डोळ्यांत.

रीना पुढे झाली. "पापा, क्या हुआ?"

त्यांनी हातानं तिला थांबवलं आणि डावा डोळा उघडला.

"कलावती," ते म्हणाले, "ही सळी पाह्य जराशी."

"पाहून राहिली."

"सरळ हाय का वाकडी?"

आजवर या माणसानं हा प्रश्न कोणालाही विचारला नव्हता. कलावतीबाईंनी वर बघितलं. घाई केली नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गोगलगायीच्या चालीनं, नजर नेली.

"सरळ हाय," त्या म्हणाल्या.

धर्मपालांनी मान डोलावली. "तू सरळ म्हटली तं सरळ," ते म्हणाले, आणि उठून माशांना दाणे टाकायला गेले. दाण्यांचा डबा कलावतीबाईंनी आधीच काढून घेतला होता.